कार्बन मोनॉक्साइडची ठिपका संरचना: इलेक्ट्रॉन कोणत्या अणूचे हे पाहायचे, की एकूण किती हे?

वारणाकाठचा_विद्यार्थी

नमस्कार. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मी यंदा अकरावी विज्ञान शाखेत प्रवेश घेतला आहे. रासायनिक बंध हे प्रकरण सध्या चालू असून एका ठिकाणी माझे घोडे अडले आहे.

शाळेत शिकलेली रीत अशी होती: प्रत्येक अणूभोवती त्याचे संयुजा इलेक्ट्रॉन (सर्वांत बाहेरच्या कवचातले) ठिपक्यांनी मांडावेत, अष्टक, म्हणजे भोवती आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण होण्यासाठी किती कमी पडतात ते पाहावे आणि तितके इलेक्ट्रॉन दोन्ही अणूंनी सारखेच पुढे करून जोड्या बनवाव्यात. हायड्रोजन, क्लोरीन, ऑक्सिजन, नायट्रोजन, पाणी, अमोनिया, मिथेन, कार्बन डायऑक्साइड या साऱ्यांच्या संरचना मला या रीतीने विनासायास काढता येतात. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ती लागू पडत नाही. कार्बनजवळ ४ आणि ऑक्सिजनजवळ ६ संयुजा इलेक्ट्रॉन आहेत. ऑक्सिजनला दोन कमी पडतात, म्हणून दोघांनी दोन-दोन दिले की दुहेरी बंध होतो आणि ऑक्सिजनचे अष्टक भरते. पण कार्बनभोवती सहाच इलेक्ट्रॉन राहतात. कार्बनची गरज धरून दोघांनी चार-चार दिले, तर ऑक्सिजनभोवती दहा होतात. पुस्तकात तिहेरी बंध दाखवून त्यावर एक बाण काढलेला आहे. तो बाण पाहून उत्तर पाठ करता येईल, परंतु पुस्तक मिटून या उत्तरापर्यंत कसे पोहोचायचे ते मला समजून घ्यायचे आहे. शिवाय, साध्या रेणूंपैकी बहुतेकांना लागू पडेल अशी एकच रीत आहे का, हेही कृपया सांगावे.


रसायन_तासिका

तुझा प्रश्न नेमका आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवतो आणि अकरावीच्या सुरुवातीला बहुतेक मुले याच रेणूपाशी थांबतात, कारण शाळेतल्या रीतीत एक गृहीतक दडलेले असते आणि ते कोणी उघड करून सांगत नाही. ते असे की, बंधातल्या प्रत्येक जोडीत दोन्ही अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन असलाच पाहिजे. हे गृहीतक सोडून दिले की वाट मोकळी होते.

रेणू तयार झाल्यानंतर कोणता इलेक्ट्रॉन मुळात कोणाकडचा होता, हे सांगण्याचे कोणतेही साधन निसर्गात नाही. सगळे इलेक्ट्रॉन एकसारखे असतात. म्हणून सर्व अणूंचे संयुजा इलेक्ट्रॉन प्रथम एका सामाईक गंगाजळीत जमा करावेत आणि मग त्या गंगाजळीतून जोड्या वाटाव्यात. ठिपका संरचना काढण्याचा माझ्या मते हाच खरा आरंभ आहे.

कार्बन मोनॉक्साइडसाठी ४ आणि ६ मिळून १० इलेक्ट्रॉन, म्हणजे ५ जोड्या आहेत. दोन अणू जोडण्यासाठी एक जोडी मध्ये ठेव. उरलेल्या चार जोड्यांपैकी तीन ऑक्सिजनभोवती ठेवल्या की त्याचे अष्टक झाले, आणि शेवटची जोडी कार्बनवर गेली. आता कार्बनभोवती चारच इलेक्ट्रॉन आहेत, त्याला आणखी चार हवेत, आणि गंगाजळी तर संपली. अशा वेळी नवे इलेक्ट्रॉन आणायचे नाहीत. शेजाऱ्याजवळची एकाकी जोडी, म्हणजे बंधात न गुंतलेली जोडी, उचलून दोघांच्या मध्ये आणायची. ऑक्सिजनची एक एकाकी जोडी मध्ये आणली की दुहेरी बंध होतो आणि कार्बनभोवती सहा होतात. दुसरी आणली की तिहेरी बंध होतो आणि आठ होतात. ऑक्सिजनचे यात काहीही जात नाही, कारण मध्ये आलेली जोडी त्याच्याही हिशेबात राहते. शेवटी चित्र असे मिळते:

:कार्बन ≡ ऑक्सिजन:

म्हणजे तीन बंध-जोड्या आणि दोन्ही टोकांना एकेक एकाकी जोडी. एकूण ५ जोड्या. पुस्तकातला बाण एवढेच सांगतो की तीनपैकी एका जोडीचे दोन्ही इलेक्ट्रॉन मुळात ऑक्सिजनचे होते. ही मुळाची माहिती झाली; तयार रेणूत ती जोडी इतर दोन बंध-जोड्यांहून वेगळी ओळखता येत नाही.

आता वर्गात ज्याला फॉर्मल चार्ज म्हणतात तो औपचारिक प्रभार काढून पाहा. सुट्या अणूच्या संयुजा इलेक्ट्रॉनांतून त्याच्या एकाकी इलेक्ट्रॉनांची संख्या आणि त्याला मिळालेल्या बंधांची संख्या वजा करायची. कार्बनसाठी ४ − २ − ३ = −१ आणि ऑक्सिजनसाठी ६ − २ − ३ = +१. अधिक विद्युत ऋण असलेल्या, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन अधिक जोराने ओढणाऱ्या, ऑक्सिजनवर धनप्रभार आलेला पाहून मुलांना हे उत्तर चुकल्यासारखे वाटते. प्रत्यक्ष मोजमाप काय सांगते ते पाहण्यासारखे आहे. या रेणूचे द्विध्रुव आघूर्ण (धन आणि ऋण प्रभार दोन टोकांना किती विभागले गेले आहेत याचे माप) फक्त ०.११ डिबाय इतके अल्प आहे आणि त्याचे ऋण टोक कार्बनकडे आहे. ऑक्सिजन बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो आणि संरचनेतला औपचारिक प्रभार नेमका उलट दिशेने असतो, त्यामुळे दोन्ही जवळपास फिटून जातात. कागदावर काढलेल्या दहा ठिपक्यांतून एवढी सूक्ष्म गोष्ट सूचित व्हावी, याचे मला दर वर्षी नव्याने कौतुक वाटते.

बंधाची लांबीही तिहेरी बंधाचीच साक्ष देते. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातले अंतर ११६ पिकोमीटर (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग) आहे, तर कार्बन मोनॉक्साइडमध्ये ते ११३ आहे. कार्बनवरच्या त्या एकाकी जोडीचे महत्त्वही ध्यानात ठेव. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवल्याने जे मृत्यू होतात, त्यांत हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोहाला घट्ट चिकटतो, आणि चिकटतो तो याच जोडीच्या आधारे, कार्बनच्या बाजूने.


ठिपका_आणि_फुली

मी आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. वरचे विवेचन उत्तम आहे, तरी शाळेतली रीत सदोष आहे असा अर्थ त्यातून कोणी काढू नये, म्हणून लिहिते.

एका अणूचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी आणि दुसऱ्याचे फुल्यांनी दाखवले की, सहसंयुज बंधात इलेक्ट्रॉनांची भागीदारी होते, देवाणघेवाण नव्हे, ही गोष्ट चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला डोळ्यांनी दिसते. सोडियम क्लोराइडमध्ये इलेक्ट्रॉन एका अणूकडून दुसऱ्याकडे जातो, हे आदल्याच तासाला शिकलेले असते, आणि तो फरक ठसवण्यासाठी मालकी दाखवणे आवश्यक ठरते. सुरुवातीलाच सर्व इलेक्ट्रॉन एकत्र करून टाकले तर मुले बेरीज बरोबर करतात, पण बंध का तयार होतो हा प्रश्न त्यांच्या मनात उभाच राहत नाही.

शिवाय ठिपके आणि फुल्या यांनी अमोनियम मूलकही दाखवता येतो. अमोनियातल्या नायट्रोजनवर एक एकाकी जोडी आहे, ती दोन फुल्यांनी दाखवावी. येणाऱ्या हायड्रोजन आयनाजवळ एकही इलेक्ट्रॉन नाही, म्हणून चौथ्या बंधात दोन्ही फुल्याच येतात. बाणाचा अर्थ यातूनच कळतो.


रसायन_तासिका

आपल्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पण एका अटीवर: अमोनियम मूलक काढून झाल्यावर त्याच तासाला मुलांना हे सांगितले गेले पाहिजे की त्याचे चारही बंध लांबीने, बळाने आणि कोनाने सर्वथा सारखे आहेत, आणि दोन फुल्यांचा बंध त्यांपैकी कोणता हे कोणत्याही प्रयोगाने शोधता येणार नाही. हे न सांगितल्यास फुली ही इलेक्ट्रॉनची जात आहे असा समज तयार होतो आणि अकरावीत तो काढून टाकताना फार श्रम पडतात.


हिशेबी

मला एक सूत्र उपयोगी पडते, ते येथे देत आहे. रेणूतील प्रत्येक अणूला स्वतंत्रपणे अष्टक हवे असेल तर एकूण किती इलेक्ट्रॉन लागतील ते मोजावे. हायड्रोजनसाठी आठऐवजी दोन धरावेत. त्यातून प्रत्यक्ष उपलब्ध संयुजा इलेक्ट्रॉन वजा करावेत. जी तूट येते तितके इलेक्ट्रॉन भागीदारीत असले पाहिजेत, आणि तिचे निम्मे म्हणजे बंधांची संख्या.

पाण्यासाठी गरज ८ + २ + २ = १२, उपलब्ध ८, तूट ४, म्हणून बंध दोन. कार्बन डायऑक्साइडसाठी गरज २४, उपलब्ध १६, तूट ८, म्हणून बंध चार, म्हणजे दोन दुहेरी. कार्बन मोनॉक्साइडसाठी गरज १६, उपलब्ध १०, तूट ६, म्हणून बंध तीन. नायट्रोजनच्या रेणूचेही आकडे अगदी हेच आहेत. आयन असेल तर उपलब्ध संख्येत ऋणप्रभार मिळवावा आणि धनप्रभार वजा करावा. ही पायरी घाईत हमखास गळते. कार्बोनेटसाठी उपलब्ध ४ + १८ + २ = २४, गरज ३२, म्हणून बंध चार.

सूत्र कोठे थांबते तेही सांगतो. सल्फर हेक्साफ्लुओराइडसाठी गरज ५६ आणि उपलब्ध ४८, म्हणजे बंध चार येतात. पण सहा फ्लुओरीन जोडायला निदान सहा बंध हवेत. येथे सल्फरभोवती आठांहून अधिक इलेक्ट्रॉन मांडावे लागतात, हे त्या विसंगतीवरून लगेच कळते. बोरॉन ट्रायफ्लुओराइडसाठीही चार बंध येतात, म्हणजे एक दुहेरी बंध आणि एका फ्लुओरीनवर +१ प्रभार. फ्लुओरीन हे सर्वाधिक विद्युत ऋण मूलद्रव्य असल्याने पाठ्यपुस्तके तो बंध काढत नाहीत आणि बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन ठेवतात. अमोनियाची एकाकी जोडी बोरॉन तत्परतेने स्वीकारतो, हे त्या रिकाम्या जागेशी सुसंगतच आहे.


वारणाकाठचा_विद्यार्थी

सर्वांचे आभार. दोन्ही रीती वापरून मी हायड्रोजन सायनाइड, ईथिन, ईथाइन, फॉर्माल्डिहाइड आणि अमोनियम यांच्या संरचना काढल्या आणि त्या पुस्तकाशी जुळल्या. ओझोनपाशी मात्र नवीनच अडचण आली.

ओझोनसाठी गरज २४, उपलब्ध १८, तूट ६, म्हणून बंध तीन. मी तीन ऑक्सिजन त्रिकोणात मांडले, तीन बाजूंना तीन एकेरी बंध काढले आणि उरलेल्या सहा जोड्यांपैकी प्रत्येकाला दोन दिल्या. सर्वांची अष्टके पूर्ण झाली आणि औपचारिक प्रभारही प्रत्येकावर शून्य आला. पुस्तकातल्या संरचनेत मात्र तीन ऑक्सिजन एका वाकड्या साखळीत आहेत, मधल्यावर +१ आणि एका टोकाच्या ऑक्सिजनवर −१ प्रभार आहे. प्रभार शून्य असलेली संरचना अधिक चांगली, असे आम्हाला शिकवले आहे. मग माझा त्रिकोण का नाकारला जातो?


वर्णपट

मी रेणूंच्या संरचनेवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. तुमचा त्रिकोण हिशेबाच्या दृष्टीने पूर्णपणे निर्दोष आहे, आणि तो तुम्ही मांडून पाहिलात याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या पद्धतीची सीमा त्यातून स्पष्ट होते.

ठिपक्यांचा हिशेब सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते: कोणता अणू कोणाला जोडलेला आहे, म्हणजे रेणूचा सांगाडा. हा सांगाडा ठिपके स्वतः ठरवत नाहीत. तो प्रयोगातून कळतो किंवा रसायनशास्त्राच्या अनुभवातून सुचतो. ओझोनच्या बाबतीत मोजमापे निःसंदिग्ध आहेत: मधल्या अणूपाशी सुमारे ११७ अंशांचा कोन आहे आणि दोन्ही बंधांची लांबी १२८ पिकोमीटर आहे. त्रिकोणात कोन ६० अंशांचा झाला असता. इतक्या लहान कोनात बंध फार ताणलेले राहतात, आणि त्यातच ऑक्सिजन-ऑक्सिजन एकेरी बंध मुळात दुर्बळ असतो, त्यामुळे त्रिकोणी मांडणीची ऊर्जा वाकड्या साखळीपेक्षा पुष्कळ अधिक होते. प्रभार शून्याच्या जवळ असावेत हा नियम एकाच सांगाड्याच्या निरनिराळ्या ठिपका संरचनांची तुलना करण्यासाठी आहे. दोन वेगळ्या सांगाड्यांपैकी एक निवडताना तो मार्गदर्शक ठरू शकतो, निर्णायक नव्हे.

आता पुस्तकातल्या संरचनेकडे वळू. साखळीत एक दुहेरी आणि एक एकेरी बंध आहे. दुहेरी बंध डावीकडे काढावा की उजवीकडे, याला काहीच आधार नाही. दोन्ही चित्रे सारखीच योग्य आहेत. प्रत्यक्षात दोन्ही बंध समान लांबीचे आहेत आणि त्यांची लांबी ऑक्सिजनच्या रेणूतल्या १२१ पिकोमीटरहून अधिक, तर हायड्रोजन पेरॉक्साइडमधल्या सुमारे १४७ पिकोमीटरहून कमी आहे. म्हणून दोन्ही चित्रे शेजारी काढून मध्ये दुतोंडी बाण काढतात आणि याला संस्पंदन म्हणतात. येथे एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आढळतो. रेणू क्षणात एका रूपात आणि क्षणात दुसऱ्या रूपात जातो, असे मुळीच नाही. रेणू सदासर्वकाळ एकच असतो. अपुरे पडते ते आपले चित्र, कारण ठिपक्यांची एक जोडी एका वेळी दोन बंधांत वाटून दाखवण्याची सोय त्यात नाही.

कार्बोनेटमध्ये हेच तीन चित्रांनी घडते आणि तिन्ही बंध सुमारे १२९ पिकोमीटरचे असतात. नायट्रेटही तसेच.


लेकीचा_अभ्यास

माझी मुलगी प्रवेश परीक्षेची तयारी करत आहे आणि मी तिच्यासोबत हा विषय पुन्हा वाचत आहे. दोन शंका आहेत. पहिली, मध्यवर्ती अणू कोणता घ्यावा? नायट्रस ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन एकच असल्याने आम्ही तो मध्ये घेतला, तर उत्तरात नायट्रोजन मध्ये आहे. दुसरी, सल्फेट आयनात एका टिपणात चार एकेरी बंध आहेत, तर दुसऱ्यात दोन एकेरी आणि दोन दुहेरी. परीक्षेचे बाजूला ठेवू; यांपैकी खरे कोणते मानावे?


रसायन_तासिका

पहिल्या शंकेचे उत्तर मी देतो आणि दुसरीचे वर्णपट यांच्यावर सोपवतो.

हायड्रोजन एकच जोडी वाटून घेऊ शकतो, म्हणून तो या साध्या रेणूंत कधीही मध्ये येत नाही; फ्लुओरीनही टोकालाच राहतो. उरलेल्यांपैकी सर्वांत कमी विद्युत ऋण असलेला अणू मध्ये घ्यावा. एकटा असलेला अणू मध्ये घ्यावा, ही सूचना कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, सल्फर डायऑक्साइड अशा उदाहरणांत योगायोगाने जुळते. नायट्रस ऑक्साइडमध्ये ती दगा देते, आणि पाण्यासारख्या दिसणाऱ्या हायपोक्लोरस आम्लात तर वरचा कमी विद्युत ऋण अणूचा नियमही दगा देतो. त्या आम्लात हायड्रोजन ऑक्सिजनला जोडलेला असतो आणि ऑक्सिजन क्लोरीनला, म्हणजे कमी विद्युत ऋण असलेला क्लोरीन टोकाला जातो. ऑक्सिआम्लांमध्ये हायड्रोजन बहुधा ऑक्सिजनवर असतो, एवढी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी लागते.

नायट्रस ऑक्साइडमध्ये १६ संयुजा इलेक्ट्रॉन आहेत. ऑक्सिजन मध्ये घेऊन दोन दुहेरी बंध काढले तर त्याच्यावर +२ आणि दोन्ही नायट्रोजनांवर −१ प्रभार येतो, जे अत्यंत असंभाव्य आहे. नायट्रोजन मध्ये घेतला की दोन चांगल्या संरचना मिळतात:

:नायट्रोजन ≡ नायट्रोजन – ऑक्सिजन, ज्यात मधल्यावर +१ आणि ऑक्सिजनवर −१;
नायट्रोजन = नायट्रोजन = ऑक्सिजन, ज्यात मधल्यावर +१ आणि टोकाच्या नायट्रोजनवर −१.

ऑक्सिजन अधिक विद्युत ऋण असल्याने पहिलीचा वाटा मोठा धरतात. मोजलेली लांबी या निवडीला दुजोरा देते: दोन नायट्रोजनांतले अंतर ११३ पिकोमीटर आहे, म्हणजे नायट्रोजनच्या रेणूतल्या ११० च्या बरेच जवळ.

येथे इतिहासातली एक गोष्ट सांगणे उपयोगाचे आहे. गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी १९१६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना जोडीने होणाऱ्या बंधाची कल्पना प्रसिद्ध केली. त्याआधी, १९०२ पासून, ते अणूची कल्पना घनाच्या आठ कोपऱ्यांवर बसलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपाने करत होते. दोन घनांची एक कड जुळली की एकेरी बंध होतो, एक पृष्ठ जुळले की दुहेरी. पण तिहेरी बंध घनांनी दाखवताच येत नाही. चौफलकाच्या (चार त्रिकोणी पृष्ठांच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यांवर इलेक्ट्रॉनांच्या जोड्या बसवल्या की तो दाखवता येतो. म्हणजे विद्यार्थ्याला आज ज्या तिहेरी बंधाने अडवले आहे, त्याने घनाच्या चित्रालाही अडवले होते. पुढे १९१९ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी ही कल्पना विस्ताराने मांडली आणि इलेक्ट्रॉनांची संख्या व मांडणी सारखी असलेल्या रेणूंचे गुणधर्मही जुळतात, हे दाखवून दिले. नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड ही अशीच जोडी आहे: दोन्हींत एकूण १४ इलेक्ट्रॉन, आणि उत्कलनबिंदू अनुक्रमे −१९६ आणि −१९१.५ अंश सेल्सियस. कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड ही दुसरी जोडी. दोन्हींत २२ इलेक्ट्रॉन, आणि दोन्ही रेणू सरळ रेषेत. एका रेणूची संरचना येत असेल तर समसंख्य इलेक्ट्रॉनांच्या दुसऱ्या रेणूची संरचना अर्धी हातात आलीच, असे समजावे.


वर्णपट

सल्फेटविषयी. उपलब्ध इलेक्ट्रॉन ६ + २४ + २ = ३२. चार एकेरी बंध काढले तर सर्व अष्टके पूर्ण होतात, परंतु सल्फरवर +२ आणि प्रत्येक ऑक्सिजनवर −१ प्रभार येतो. दोन दुहेरी बंध काढले तर सल्फरवरचा प्रभार शून्य होतो, पण त्याच्याभोवती १२ इलेक्ट्रॉन जमतात. अनेक वर्षे दुसरे चित्र अधिक योग्य मानले गेले आणि सल्फरच्या रिकाम्या डी कक्षकांमुळे (इलेक्ट्रॉनांसाठी असलेल्या जादा जागांमुळे) हे शक्य होते, असे स्पष्टीकरण दिले गेले. नंतरच्या काटेकोर गणितांतून असे आढळले की त्या डी कक्षकांचा बंधांतला सहभाग अल्प असतो आणि हे बंध तीव्र ध्रुवीय असतात, म्हणजे सल्फरवर खरोखरच बराच धनप्रभार असतो. त्या दृष्टीने अष्टक पाळणारे चित्र रेणूच्या वास्तवाला अधिक जवळचे आहे, असे माझे मत आहे.

तरीही दुसरे चित्र टाकाऊ ठरत नाही. चारही बंध सुमारे १४९ पिकोमीटरचे, म्हणजे सामान्य एकेरी बंधाहून आखूड आहेत, आणि ते आखूडपण त्या चित्रातून सहज सुचते. मुलीला दोन्ही चित्रे काढता यावीत, दोन्हींतले औपचारिक प्रभार मांडता यावेत, आणि प्रश्नात काय विचारले आहे ते पाहून निवड करता यावी. एक बंधन मात्र कडक आहे: दुसऱ्या आवर्तातील कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि फ्लुओरीन यांच्याभोवती आठांहून अधिक इलेक्ट्रॉन कधीही काढू नयेत. नायट्रेटमधल्या नायट्रोजनला पाच बंध देणारी चित्रे अनेक टिपणांत दिसतात. ती चूक आहे.


हिशेबी

विषम संख्येच्या रेणूंचा उल्लेख राहिला, म्हणून थोडक्यात. नायट्रिक ऑक्साइडमध्ये ५ + ६ = ११ संयुजा इलेक्ट्रॉन आहेत, म्हणजे कितीही प्रयत्न केला तरी दोन्ही अष्टके पूर्ण होणार नाहीत. दुहेरी बंध काढून एकटा इलेक्ट्रॉन नायट्रोजनवर ठेवला की दोघांचेही प्रभार शून्य राहतात. नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये १७ इलेक्ट्रॉन आहेत. तेथेही एकटा इलेक्ट्रॉन नायट्रोजनवर दाखवतात. हा तपकिरी वायू थंड केला की दोन रेणू नायट्रोजनांच्या बाजूने जोडले जाऊन रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड तयार होते. दोन एकट्या इलेक्ट्रॉनांची जोडी जमते आणि रंगही जातो.


ठिपका_आणि_फुली

ऑक्सिजनच्या साध्या रेणूविषयीही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते, कारण शाळेत सर्वांत आधी काढला जाणारा दुहेरी बंध हाच असतो. ठिपका संरचनेत त्याचे सर्व इलेक्ट्रॉन जोड्यांत दिसतात. द्रवरूप ऑक्सिजन मात्र चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला तर तेथे अडकून राहतो, म्हणजे त्यात जोडी न जमलेले इलेक्ट्रॉन आहेत. ते दोन आहेत आणि त्यांचा उलगडा रेणू कक्षकांच्या सिद्धांताने होतो, ज्यात इलेक्ट्रॉन एकेका अणूचे न मानता संपूर्ण रेणूभर पसरलेले मानतात. एक एकेरी बंध आणि दोन्ही ऑक्सिजनांवर एकेक एकटा इलेक्ट्रॉन असे चित्र काढून हे साधता येत नाही, कारण बंधाची लांबी आणि बळ दुहेरी बंधाचेच आहे. हुशार मुले हा प्रश्न नववीतही विचारतात, आणि अशा वेळी या चित्राला ते दाखवता येत नाही, असे स्पष्ट सांगणे मला योग्य वाटते.


वारणाकाठचा_विद्यार्थी

मी नायट्रिक आम्लाची संरचना काढली आहे, कृपया तपासावी. ऑक्सिआम्ल असल्याने हायड्रोजन ऑक्सिजनवर घेतला आणि नायट्रोजन मध्ये ठेवला. उपलब्ध इलेक्ट्रॉन १ + ५ + १८ = २४, गरज २ + ३२ = ३४, तूट १०, म्हणून बंध पाच. हायड्रोजन-ऑक्सिजन एक, त्या ऑक्सिजनपासून नायट्रोजनपर्यंत एक, दुसऱ्या ऑक्सिजनला एकेरी आणि तिसऱ्याला दुहेरी. उरलेल्या १४ इलेक्ट्रॉनांच्या सात जोड्या: हायड्रोजनवाल्या ऑक्सिजनवर दोन, एकेरी बंधाच्या ऑक्सिजनवर तीन, दुहेरी बंधाच्या ऑक्सिजनवर दोन. नायट्रोजनवर +१, एकेरी बंधाच्या ऑक्सिजनवर −१. शेवटच्या दोन ऑक्सिजनांची अदलाबदल केली की दुसरे संस्पंदन चित्र मिळते. पण नायट्रेटप्रमाणे येथेही तिसरे चित्र काढावे का, ज्यात दुहेरी बंध हायड्रोजनवाल्या ऑक्सिजनकडे असेल?


वर्णपट

संरचना बरोबर आहे. तिसरे चित्र अष्टकाच्या नियमाने काढता येते, पण त्याचे औपचारिक प्रभार मांडून पाहा: हायड्रोजनवाल्या ऑक्सिजनला तीन बंध आणि एक एकाकी जोडी मिळते, म्हणून त्याच्यावर ६ − २ − ३ = +१. त्याच्या शेजारच्या नायट्रोजनवर आधीच +१ आहे, आणि उरलेल्या दोन्ही ऑक्सिजनांवर −१. लगतच्या दोन अणूंवर धनप्रभार असलेल्या या चित्राचा वाटा नगण्य असतो. मोजमापही तसेच आहे: हायड्रोजन नसलेल्या दोन ऑक्सिजनांचे नायट्रोजनपासूनचे अंतर सुमारे १२० पिकोमीटर आहे आणि हायड्रोजनवाल्या ऑक्सिजनचे सुमारे १४१. आम्लाने हायड्रोजन आयन सोडून दिला की तिन्ही ऑक्सिजन समान होतात आणि तुम्ही विचारलेले तिसरे चित्र तेथे इतर दोघांच्या बरोबरीने उभे राहते.